दोन काठांवरचं जेवण

चंद्रपूरच्या बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून लोकांना रस्ता सांगायचा मला पगार मिळतो. त्यामुळे आमच्या घरात कधी कोणी रस्ता विचारायच्या भानगडीत पडत नसे. मी सांगायचो, बाकीचे ऐकायचे. (आता ऐकत नाहीत. का, ते पुढे येतंच.)

होळी झाली आणि मोठीमायचा फोन आला. मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका जाऊन बरीच वर्षं झाली. ती वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर, मार्कंड्याच्या जरा खाली, एका लहानशा गावात राहते आणि दरवर्षी नदीत टरबुजाची वाडी लावते. नदीत म्हणजे खरोखर नदीतच. पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या रेतीत खड्डे करायचे, शेणखत भरायचं, बी टोचायचं, बाजूला एक झोपडी घालायची आणि कोल्ह्यांशी भांडत राखण करायची.

"परकाश, या साली भाऊजीले घेऊन येच," ती म्हणाली. "खालच्या बंधाऱ्याचे दरवाजे आता उन्हाळाभर लावून ठेवणार म्हणते. पुढच्या साली पाणीच पाणी. रेती दिसनार नाई. ही आखरीची वाडी हाय."

"येतो ना मोठीमाय."

"घरून काही बांधून आणू नका. आणसान तर नदीत फेकून देईन. आणि पुलावरून ये बरं. नदीतून येऊ नको."

मी 'हो' म्हटलं. दिवसभर 'हो, लागेल आता, हो, येईल आता' म्हणणारा माणूस फोनवर 'हो' म्हणतो तेव्हा तो ऐकतच असतो असं नाही.

फोन संपेपर्यंत बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. ही वाडी मुळात त्यांची आणि काकांची. दोघा भावांनी तरुणपणी गावातल्या ढिवरांकडून, म्हणजे नदीवर मासे धरणाऱ्यांकडून, शिकून ती लावली होती. मग बाबा कोळशाच्या खाणीत लागले, चंद्रपूरला आले, आणि खाणीनं त्यांचे दोन्ही गुडघे ठेवून घेतले. वाडीवर जाऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. पण टरबूज कसं खावं याबद्दल त्यांचं मत बदललेलं नव्हतं. वाडीत टरबूज कापत नाहीत. बुक्की मारून फोडतात आणि रेतीत बसून हातानं ओरबाडून खातात. घरी सुनंदा (माझी बायको) फोडी करून देते तेव्हा बाबा ताटलीकडे बघून म्हणतात, "हे दवाखान्यातलं टरबूज झालं, बेटा."

"एक डाव वाडीत बसून खातो," ते म्हणाले. "मग झालं."

एवढंच मागणं होतं त्यांचं. मला फक्त त्यांना तिथे पोचवायचं होतं, आणि लोकांना पोचवण्याचाच मला पगार मिळतो.

चौदा एप्रिलच्या जयंतीआधीचा रविवार ठरला. वसंत ऋतूतली सहल म्हणून मी गॉगल आणि टोपी घेतली. (चंद्रपुरात वसंत आणि उन्हाळा यांच्यातला फरक बघायचा असेल तर सकाळी नवाच्या आत बघून घ्यावा लागतो.) सुनंदानं मोबाईलवर नकाशा उघडला.

"मूल, सावली, गडचिरोली, चामोर्शी. पूल आहे. डांबरी रस्ता आहे."

"हा लांबचा वळसा," मी म्हटलं. "आपण पोंभुर्ण्यावरून जाऊ. सरळ नदीच. नदीच्या पलीकडे मोठीमाय."

"नदीच्या पलीकडे. आणि नदी?"

"रपटा असतो."

हा रपटा समजून सांगायला हवा. महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते. तेव्हा आमच्या बाजूची माणसं पाण्याच्या धारेवर रेतीच्या गोण्या, तट्ट्या आणि पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळक्या काड्या) टाकून कच्चा रस्ता करतात. त्यालाच रपटा म्हणायचं. लहानपणी बाबांचं बोट धरून मी त्याच्यावरून गेलो होतो. लग्नाआधी मोटारसायकल नेली होती. माझ्या डोक्यात तो रपटा पक्का सिमेंटचा होऊन बसला होता.

"जत्रा होऊन किती दिवस झाले," सुनंदा म्हणाली. "असेल का तो आता?"

"तो कुठं जातो?"

पोंभुर्ण्यात चहाला थांबलो. सुनंदा म्हणाली, "विचारा ना कोणाला तरी." मी म्हटलं, "त्यात विचारायचं काय?" चौकशीच्या खिडकीच्या आत बसणारा माणूस बाहेरच्या बाजूला उभा राहून चौकशी करत नाही. चहावाला आपणहून म्हणाला, "कुठी चालले जी?" मी म्हटलं, "इथेच," आणि गाडी चालू केली.

रस्ता मात्र सुंदर होता, ते सांगितलंच पाहिजे. जंगलात मोहाचा वास दाटला होता. झाडांखाली बायका टोपल्या घेऊन फुलं वेचत होत्या. बाबांनी काच खाली केली होती आणि ते खाणीत लागायच्या आधीच्या गोष्टी सांगत होते. काका टरबुजावर नुसती टिचकी मारून आतला रंग सांगायचे. वैनी (म्हणजे मोठीमाय) नवी सून म्हणून आली तेव्हा तिला टरबूज बुक्कीनं फुटेना, तर तिनं ते डोक्यावर आपटलं. "कोणाच्या डोक्यावर?" सुनंदानं विचारलं. "माझ्या," बाबा म्हणाले, आणि इतके हसले की त्यांना खोकला लागला. एवढे हसलेले बाबा मी फार दिवसांनी बघत होतो.

नदी आली. गाडीवाट उतरून रेतीत शिरत होती, मीही शिरलो.

"अहो, इथे थांबा. पायी बघून या आधी."

"बाबांचे गुडघे आहेत. त्यांना पायी कसं न्यायचं? गाडी थेट रपट्यापर्यंत नेतो."

ती रपट्यापर्यंत गेली नाही. पण अगदीच गेली नाही असंही नाही. पाण्याच्या धारेपासून हाकेच्या अंतरावर तिची मागची चाकं रेतीत बसली. मी जोर दिला तशी ती आणखी बसली. आणखी जोर दिला तेव्हा ती अशी बसली की आता चहापाणी झाल्याशिवाय उठणार नाही. आम्ही उतरलो. समोर धार होती, धारेपलीकडे हिरवीगार वाडी होती, वाडीत झोपडी होती आणि झोपडीपुढे मोठीमाय उभी होती. रपटा नव्हता.

तो जत्रेनंतरच मोडला होता. राहिलेल्या गोण्यांवर पाणी चढलं होतं, कारण बंधाऱ्याचे काही दरवाजे लावलेही होते. दरवर्षी गुडघ्याएवढी असणारी धार काळी आणि रुंद होऊन निवांत पडली होती.

माझा फोन वाजला. समोरच्या काठावर मोठीमायनंही फोन कानाला लावलेला दिसत होता.

"कोन होय रे तिकडे? परकाश?"

"हो मोठीमाय."

"त्या काठावर काऊन आला?"

या प्रश्नाला मी आजवर बरीच उत्तरं तयार केली आहेत. ती सगळी नंतरची.

"डोंगा पाठव," मी म्हटलं.

"डोंगा हाय इथंच, पालथा. डोंगेवाला चामोर्शीले लग्नात गेला. बाशिंगं सुटल्याशिवाय येत नाई तो."

बाबांनी हात पुढे केला. मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या हातात दिला.

"जयभीम, वैनी."

"जयभीम, भाऊजी." पलीकडे तिचा हात वर झाला. "लय वाळले जी तुमी."

"तुमी तशाच हाय."

"इतक्या दुरून तशीच दिसन नाई तं काय."

दोघंही हसले. फोन चालू होता आणि दोघं एकमेकांकडे बघत उभे होते. सुनंदानं गाडीतली पायपुसणी काढून रेतीत अंथरली आणि बाबांना तिच्यावर बसवलं. ती माझ्याशी भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

इतक्यात मागून एक म्हातारा गुराखी आला. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, चाकं बघितली.

"रेती नेऊन राह्यले का जी?"

"कारमधून?"

"आजकाल काही सांगता येत नाई," तो म्हणाला. मग माझ्या गॉगलकडे बघून त्याचा संशय फिटला असावा. गावात बैलजोडी आहे, मालक जेवून, झोपून उठला की पाठवतो, असं सांगून तो गेला.

तेव्हा जेवायचीच वेळ झाली होती. मोठीमायनं वाडीतच चूल मांडली होती. मासोळीचं सार, तांदळाची भाकर आणि वाडीतल्याच वांग्यांची भाजी, असा सगळा बेत तिनं फोनवर सांगितला. सांगायची गरज नव्हती. वारा तिकडून होता आणि साराचा वास बिनापुलाचा नदी ओलांडून आमच्यापर्यंत येत होता. आमच्याकडे तिच्या धाकानं काहीच आणलेलं नव्हतं. गाडीच्या कप्प्यात फक्त बिस्किटाचा एक पुडा निघाला.

"वैनी, तुमी जेवून घ्या," बाबा फोनवर म्हणाले.

"तुमच्या आंधी कशी जेवू जी?"

"आमचं काही खरं नाई. तुमी जेवा."

"नाई जी. पाव्हणे उपाशी न् मी जेवू?" आणि ती चुलीपुढे ताट पालथं घालून बसली.

थोड्या वेळानं ती उठली, वेलांमध्ये शिरली आणि एक मोठं थोरलं टरबूज दोन्ही हातांनी छातीशी धरून पाण्याकाठी आली. हे तिनं बाबांसाठी रेतीत पुरून थंड करून ठेवलं होतं. ते खाली टेकवून तिनं पुन्हा फोन कानाला लावला.

"परकाशले म्हणा, झेलाले उभा राह्य. सोडतो मी."

आणि मला एकदम हुरूप आला. कारण हे काम मला येत होतं! पूर्वी वाडीची टरबुजं अशीच नदी ओलांडायची. टरबूज पाण्यात बुडत नाही. वरच्या अंगाला एकानं ती सोडायची, धार त्यांना तिरपी घेऊन यायची आणि खाली वळणावर दुसऱ्यानं अडवून काठावर घ्यायची. सुट्टीत गेलो की अडवायला मी असायचो आणि माझ्या हातून कधी एकही सुटलं नाही, हे मी सुनंदाला लग्नापासून सांगत आलो होतो. मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, बाबांकडून फोन घेतला, "सोड, मोठीमाय" म्हटलं, फोन खिशात टाकला आणि धावत जाऊन वळणावरच्या माझ्या जुन्या जागी हात पसरून उभा राहिलो.

टरबूज सुटलं. डुलत डुलत मध्यापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं.

मी हात पसरून उभा. टरबूज जागच्या जागी हळूहळू गोल फिरत होतं. पाणी अडवल्यावर धार कुठून राहणार? वाहायचं ते विसरलंच होतं. मी माझ्या लहानपणच्या जागी अगदी बरोबर उभा होतो. नदीच तिच्या जागी नव्हती.

"अहो," सुनंदा तासाभरात पहिल्यांदा बोलली, "ते येत नाहीये."

"दिसतंय मला."

मग मी पाण्यात शिरलो. गुडघे, मांड्या, कंबर. बाबा ओरडत होते, "नको बे, राहू दे!" छातीपर्यंत गेलो आणि हात लांब केला. बोटांची टोकं टरबुजाला लागली, आणि जे व्हायचं तेच झालं, ते पुढे सरकलं. मी आणखी एक पाऊल टाकलं, पायाखालची रेती खचली आणि मी टोपी, गॉगलसकट वैनगंगेत डुबकी मारली. वर आलो तेव्हा माझ्या धडपडीनं उठलेल्या लाटांवर बसून टरबूज पलीकडच्या काठाकडे निघालं होतं. मोठीमायनं वाडीच्या कुंपणाचा बांबू उपटून त्याला ओढून घेतलं. गॉगल मिळाला नाही. टोपी काही वेळ टरबूज थांबलं होतं तिथेच फिरत होती.

काठावर आल्यावर खिशातला फोन आठवला. त्याच्यातून पाणी निघालं, आवाज निघाला नाही. सुनंदाच्या फोनला रेंज नव्हती. म्हणजे आता दोन काठांमध्ये काहीच उरलं नव्हतं.

बाबांनी ओरडून बघितलं. वारा उलटा होता, शब्द पोचत नव्हते. पलीकडे मोठीमाय टरबूज शेजारी ठेवून, पालथ्या ताटापुढे तशीच बसली होती. ऊन डोक्यावर आलं होतं. हट्टी बाई, आम्ही जेवल्याशिवाय ती घास घेणार नव्हती, आणि तिचं वय बाबांपेक्षा कमी नव्हतं.

बाबांनी सुनंदाला खूण केली, "तो पुडा दे बेटा." त्यांनी पायपुसणीवर नीट मांडी घातली. गुडघ्यांमुळे त्यांना मांडी घालता येत नाही, पण त्यांनी घातली. एक बिस्कीट काढून हात उंच करून पलीकडे दाखवलं आणि मोठा घास घेतल्यासारखं तोंडात घातलं. मग दुसरं आम्हाला दिलं. "खा. तिले दिसलं पाहिजे." मी आणि सुनंदा त्यांच्या दोन बाजूंना बसलो आणि आम्ही तिघांनी भर उन्हात, भाकर खाल्ल्यासारखी हात वर उचलून उचलून बिस्किटं खाल्ली. मी ओलाचिंब होतो, माझं बिस्कीट हातातच विरघळत होतं.

पलीकडे मोठीमायनं ताट सुलटं केलं. वाढून घेतलं. आमच्याकडे तोंड करून बसली आणि जेवली.

जेवण झाल्यावर तिनं टरबूज पुढे ओढलं, मूठ वळली आणि एक बुक्की मारली. फुटलं. (आता तिला डोकं लागत नव्हतं.) त्यातला मोठा तुकडा तिनं दोन्ही हातांनी उचलून आमच्याकडे तोंड करून धरला.

"लाल निघालं," बाबा म्हणाले.

तिनं तो तुकडा बराच वेळ तसाच धरून ठेवला. बाबांनी मान हलवली, हात हलवला. मग तिनं त्यातलं थोडं ओरबाडून तोंडात घातलं.

"गोड असंल," बाबा म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते आणि मलाही त्यांच्याकडे बघवत नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर सहन केल्या असत्या. मला फार वाईट वाटत होतं, आणि आजही त्या लाल तुकड्याची आठवण झाली की वाटतं.

बैलजोडी आली तेव्हा उन्हं कलायला लागली होती. गाडी निघाली. मी म्हटलं, "बाबा, आता पुलावरून जाऊ. कितीही वेळ लागू दे." पण त्यांना ऊन लागलं होतं, डोळे लाल झाले होते. "आता नाई होत," ते म्हणाले. त्यांनी काठावर जाऊन जोरात ओरडून सांगितलं, "वैनी, पुढच्या साली येतो." तेव्हा वारा पडला होता. तिकडून ऐकू आलं, "या जी." पुढच्या साली काय असणार हे दोघांनाही माहीत होतं.

पुढच्या साली गेलो. मूल, सावली, गडचिरोली, चामोर्शी. गाडीत पुढे सुनंदा बसली होती आणि रस्ता ती सांगत होती. मोठीमायनं घरी जेवू घातलं, पोटभर. संध्याकाळी आम्ही काठावर जाऊन बसलो. पाणी काठोकाठ भरलेलं होतं. आता तिथे पर्यटक येतात. लाल जॅकेटं घालून बोटीत बसतात, मार्कंड्याच्या देवळाचे फोटो काढतात. हवाही छान गार येते.

"कुठी होती जी वाडी?" बाबांनी विचारलं.

मोठीमायनं बोट दाखवलं. तेवढ्यात तिच्या बोटापुढून एक बोट गेली. "ते पोट्टे हात हलवून राह्यले ना, त्यांच्या खाली चूल होती," ती म्हणाली. मग तिनं चामोर्शीच्या बाजारातून आणलेलं टरबूज काढलं. बाबांनी बुक्की मारून बघितली, ते फुटलं नाही. शेवटी सुरीनं कापलं. बाबांनी एक फोड खाल्ली.

"गोड हाय," ते म्हणाले. मीही खाल्लं होतं. गोड नव्हतं.

परवा खिडकीवर एक जण आला. सोबत काठी टेकत त्याचे म्हातारे वडील होते. "मार्कंड्याले जायाचं होतं जी. गाडी कोनती?" मी तोंडानं सांगून भागलं असतं. पण मी खिडकी बंद केली, बाहेर आलो, वडिलांचा हात धरला, दोघांना फलाटावर नेलं, बसमध्ये चढवलं, खिडकीजवळची जागा दिली आणि कंडक्टरला बजावून सांगितलं, "यांना पुलावरून घेऊन जा."

कंडक्टर माझ्याकडे बघतच राहिला. बस पुलावरूनच जाते, तिला दुसरा रस्ताच नाही. हे चंद्रपुरात सगळ्यांना माहीत आहे. एक चौकशीच्या खिडकीतला माणूस सोडून.